टाकीच्या शाळेचं दार

शिंगणापूर
६ एप्रिल २०२५

प्रिय क्रिस्टीना,

सप्रेम नमस्कार.

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, सगळे खुशाल आहेत. हातात मोबाईल असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. अगं, आमच्या घराला दार नाही हे तू विसरलीस वाटतं! माझ्या लग्नात तू पडद्याआड साडी बदलत होतीस आणि मी नवरी असून बाहेर पहारा देत उभी होते. अशा घरात फोनवर काही बोललं की ते ओट्यावर बसलेल्या आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, ऐकू जातं. आणि त्यांना कळलं की अख्ख्या आळीला कळतं. पत्र मात्र मुकाट्याने लिहिता येतं.

बातमी अशी की आम्ही नागापूरला राहायला येतोय. तुझ्या नागापूरला! यांना एमआयडीसीत नोकरी लागली. इथलं पूजासाहित्याचं दुकान धाकटे दीर बघतील. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सामान हलवायचं. मला आनंद झालाय, पण आत्याबाईंसमोर तो चेहऱ्यावर दिसू देत नाही.

आता खरं काम. संस्कृती यंदा पहिलीत जाईल. यांचे एक सोबती म्हणाले, तिथे दोन सरकारी शाळा आहेत, एक पाण्याच्या टाकीजवळ आणि एक मोठ्या लिंबाखाली, दोन्ही चालत जाण्यासारख्या. तुझी लिडिया टाकीच्या शाळेत आहे ना? मला दोन्ही शाळांचं खरंखुरं सांग. शिक्षक मुलांना मारतात का? मुलांना वाचता येतं का? पाणी, संडास कसे आहेत? आणि एक विचारते, हसू नकोस. पहिलीच्या वर्गाला दार आहे का? असलं तर वर्ग चालू असताना ते कसं असतं?

संस्कृतीला मोकळं आवडतं, म्हणून विचारलं. पहिलीच शाळा मनातून उतरली तर मूल शाळेच्याच नावाने बोटं मोडायला लागतं, आणि पुढे सगळंच अवघड होतं. मला ते होऊ द्यायचं नाही. तू खरं तेच लिहिशील म्हणून तुलाच विचारते.

तुझी,
अश्विनी


नागापूर
११ एप्रिल २०२५

प्रिय अश्वे,

सप्रेम सलाम.

तुझं पत्र वाचून मी स्वयंपाकघरात अशी ओरडले की सत्यवान हातातला चहा सांडून धावत आला. श्रीरामपूरला एका बाकावर बसलो, आता एका गल्लीत राहू! खोलीची काळजी करू नकोस. आमच्या मागच्या गल्लीत चांगुणाबाईंची खोली रिकामी आहे, मी आत्ताच शब्द टाकून आलेय.

आता शाळा. मी अगदी निःपक्षपातीपणे सांगते.

लिंबाची शाळा मोठी आहे. भिंतीवर चित्रंबित्रं, संगणकही आहे, पण त्याच्यावर कायम कापड. मुलं इतकी की बाईंना नावं पाठ व्हायला दिवाळी उजाडते. पहिलीला जागा पुरत नाही म्हणून ती पोरं बिचारी व्हरांड्यात बसतात. आणि तिकडे जायचं म्हणजे कंपन्यांचे ट्रक जातात तो रस्ता ओलांडायचा.

टाकीची शाळा लहान, पण सोन्यासारखी! मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे म्हणून म्हणत नाही. (तुझा चेहरा मला दिसतोय. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, असंच म्हणतेस ना?) आमचे सुनील सर मारत नाहीत, ओरडतसुद्धा नाहीत. रागावले की गप्प बसतात, ते पोरांना जास्त लागतं. लिडिया दुसरीत आहे आणि बसच्या पाट्यांपासून पंचांगापर्यंत काहीही वाचते. पंचांग आमच्या शेजाऱ्यांचं, आमचं नव्हे! शितावरून भाताची परीक्षा करायची असेल तर शाळेत रांधणाऱ्या छबूबाईंची खिचडी खाऊन बघ. परसबागेतला पालक घालतात त्या. मैदानही मोठं आहे. तुझ्या पोरीला मोकळं हवं ना, मग पळू दे हवं तितकं.

राहिलं दार. इथे तू माझी नस दाबलीस. पहिलीच्या वर्गाचं दार एका बिजागरीवर लोंबकळतंय, कधीचं उघडंच आहे. परवा एक शेळी आत येऊन अंकांचा तक्ता खाऊन गेली. तुझी धास्ती मला समजते गं. तुमच्याकडे शनिदेव राखण करतो, इथे कोण करणार? उघड्या वर्गात पोरगी सोडायला कोणत्याही आईला भीती वाटेल. पण तू काळजी सोड. मी आहे.

सुनील सरांना मी तुझ्या मुलीचं नाव सांगूनसुद्धा टाकलंय. दुसरीकडे चौकशी करत बसू नकोस.

तुझीच,
क्रिस्टीना


शिंगणापूर
१६ एप्रिल २०२५

प्रिय क्रिस्टीना,

तुझा निःपक्षपातीपणा पोचला. लिंबाच्या शाळेबद्दल एक तरी चांगला शब्द निघतो का म्हणून पत्र दोनदा वाचलं, पण नाही निघाला.

टाकीची शाळा मला आवडली. लोंबकळतं दार वाचून तर जास्तच आवडली. खरंच सांगते, त्या दाराचं काही करू नकोस. आहे तसं राहू दे. शेळी आली तर आली.

इथल्या अंगणवाडीत संस्कृती उंबऱ्यातच बसते. अर्धी आत, अर्धी बाहेर. बाई म्हणतात, "हिला आत काय चाललंय ते बी कळतं आन् रस्त्यावरून कोन गेलं ते बी." गाणी सगळी पाठ आहेत तिची. आत्याबाईंना मात्र आमचं जाणं पटलेलं नाही. काल म्हणाल्या, "हितं काय वाईट हाय? तिथं सगळी कड्या लावून बसत्यात. मानूस मेलं तरी शेजाऱ्याला पत्ता न्हाई." त्यांचं म्हणणं सगळंच खोटं नाही आणि माझ्या मनातही तेच आहे, फक्त वेगळ्या कारणाने.

ते कारण भेटीत सांगेन. तुला आता लिहिलं तर तू लगेच मदतीला धावशील, आणि तुझ्या पोटात काही राहत नाही. माझ्या पोरीला नव्या गावात पहिल्याच दिवशी कुणी काही चिडवायला नको.

अश्विनी

ता. क. दाराचं खरंच राहू दे.


नागापूर
२४ एप्रिल २०२५

प्रिय अश्वे,

झालं! दार झालं!

तू भिडस्त आहेस हे मला चौथीपासून माहीत आहे. वाढायला गेलं की तू पानावर हात आडवा धरतेस आणि डोळे मात्र पातेल्यात. "राहू दे, खरंच राहू दे" असं दोनदा लिहिलंस तेव्हाच मी ओळखलं की हिला दार हवंय, पण मैत्रिणीला त्रास नको म्हणून मागत नाही.

मग मी उठले. समितीच्या बैठकीत भाषणच ठोकलं. म्हटलं, पालक विचारायला लागलेत की मुलं सुरक्षित आहेत का, आणि आपण शेळ्यांना तक्ते खाऊ घालतोय! सत्यवान ज्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करतो तिथल्या मालकांनी उरलेला पत्रा आणि अँगल दिले. सत्यवान आणि त्याच्या दोन सोबत्यांनी सुट्टीच्या दिवशी मजुरी न घेता काम केलं. असं दार, अश्वे, की बँकेला असू नये! जाड पत्रा, मधे कुठे फट नाही, आतून कडी, बाहेरून कोयंडा. ग्राइंडर मारून इतकं गुळगुळीत केलंय की माशी बसली तर घसरेल. रंग पिवळा, पहिलीच्या पोरांना आवडतो म्हणून. लागताना आवाज करतं थोडा, पण त्यावरूनच कळतं की माल पक्का आहे.

आता २८ तारखेला शाळेत नव्या मुलांचा मेळावा आहे. पोरीला घेऊन ये. सुनील सर पोरांना खेळ देतात, रंग ओळखा, उड्या मारा, मणी ओवा. मग त्यांच्या पायाचे ठसे कागदावर घेतात. छबूबाई शिरा करणार आहेत. नाव त्याच दिवशी नक्की करून टाकू. उगाच जूनपर्यंत लांबवू नकोस, सरांना वर कळवावं लागतं.

दार बघून तुझा चेहरा कसा होतो ते मला बघायचंय.

तुझीच,
क्रिस्टीना


शिंगणापूर
३० एप्रिल २०२५

प्रिय क्रिस्टीना,

माझा चेहरा कसा झाला ते तू पाहिलंस. आम्ही शिरासुद्धा न खाता निघून आलो म्हणून तुला राग आला असेल. तिथे बोलता आलं नाही, आता सगळं लिहिते.

संस्कृती किती हसत होती ते आठव. मणी ओवले, लिडियाचा हात धरून लंगडी घातली, लाल पायाचा ठसा उमटला तर सरांना म्हणाली, "माझा पाय कागदात राह्यला की वं!" सगळे हसले. मग तू म्हणालीस, "सर, आता दार लावून दाखवा." सरांनी कौतुकाने ओढलं, ते धाडकन लागलं आणि तू कडी घातलीस. त्यानंतर जे झालं ते साध्या आवाजाने घाबरल्यामुळे झालं, असं तू सगळ्यांना सांगत होतीस. ते तसं नव्हतं.

दिवाळीत मी श्रीरामपूरला दादाकडे गेले होते. पोरांनी लपंडावात संस्कृतीला न्हाणीघरात लपवलं आणि गंमत म्हणून बाहेरून कडी लावली. मग फटाके आले आणि पोरं तिला विसरली. तिने जन्मात बंद दार पाहिलं नव्हतं गं. दाराला कडी असते, ती काढता येते, हेच तिला माहीत नव्हतं. तिला वाटलं भिंत झाली. मी आले तेव्हा तिचा आवाज बसला होता. त्या दिवसापासून कुठेही दार लागलं की तिचा श्वास अडकतो. परवा कडी निघताच ती थेट रस्त्याकडे धावली आणि सत्यवान भाऊजींनी ट्रकच्या अलीकडे तिला उचललं.

म्हणून मी दार विचारत होते. आणि म्हणूनच ते लोंबकळतं दार मला देवासारखं वाटलं होतं.

मी काल यांना लिंबाच्या शाळेत पाठवलं होतं. पहिली व्हरांड्यात बसते, तीन बाजूंनी उघडं. तिचं नाव आम्ही तिथे घालतोय. रस्ता मी रोज हात धरून ओलांडून देईन. तू माझ्यासाठी एवढं केलंस आणि मी असं करतेय. मला फार वाईट वाटतंय, क्रिस्टी. पण ती माझी मुलगी आहे.

तुझी,
अश्विनी


नागापूर
६ मे २०२५

अश्विनी,

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं तुमच्यात म्हणतात. मी तर देवळासकट मारुती उभा केला!

आधी मी तुझ्यावर चिडले. दोन दिवस भांडी आपटली. चौथीपासूनची मैत्रीण मी, मला सांगायला काय झालं होतं? माझ्या पोटात काही राहत नाही, हे खरं. पण लेकराचं दुखणं मी गावभर केलं असतं का? एका ओळीचं काम होतं, "माझी पोर बंद दाराला घाबरते." मी ते दार पायाने पाडलं असतं.

मग राग ओसरला आणि मला माझंच आठवलं. मीसुद्धा तुला सगळं कुठे सांगितलं होतं? ऐक. टाकीच्या शाळेचा पट घसरत चाललाय. सरकारी नियम मला नीट कळत नाहीत, पण सर म्हणाले, यंदा पहिलीला एक जरी मूल कमी पडलं तर सरांच्या जोडीला आहेत त्या दुसऱ्या बाई बदलून जातील. मग चारही वर्ग एकट्या सरांच्या गळ्यात, आणि असं झालं की उरलेले पालकही पोरं काढून घेतात. तुझं पत्र आलं तेव्हा मला मैत्रीण दिसली, पण तिच्या कडेवरचं ते एक मूल आधी दिसलं. म्हणून लिंबाच्या शाळेची मी इतकी निंदा केली. तिथल्या पहिलीच्या बाई चांगल्या आहेत. संगणकावरचं कापडही कधीकधी काढतात.

तेव्हा जा, लिंबाच्या शाळेत घाल. मनावर दगड ठेवून नाही, खरंच सांगते. पोरगी हसत शाळेत गेली पाहिजे, मग शाळा कुठलीही असो. रस्ता ओलांडताना मात्र कंपनीची पाळी सुटायची वेळ टाळ.

सत्यवान रोज विचारतो, "ती पोरगी बरी हाय का?" बरी आहे ना?

क्रिस्टीना


नागापूर
३ जून २०२५

प्रिय अश्वे,

महिना झाला, तुझं पत्र नाही. तू रडत बसली असशील आणि लिहायला घेतलंस की कागद भिजत असेल, असं मी धरून चालते. मी तशीच होते. पण आता डोळे पूस, कारण मला जे सांगायचंय ते रडून वाचण्यासारखं नाही.

तुला पत्र टाकल्यावर त्याच आठवड्यात मी सुनील सरांकडे गेले आणि म्हटलं, सर, दार काढायचं. सर बराच वेळ गप्प बसले. मला वाटलं, रागावले. मग म्हणाले, "ताई, बसवायला भाषण ठोकलंत, आता काढायलाही ठोकणार का?" आणि इतके हसले की चष्मा पुसावा लागला. म्हणाले, "त्या वर्गात फळा आणि सतरंज्या. कपाट माझ्या खोलीत कुलपात. राखायचंय काय? मूल आत यायला घाबरत असेल तर ते दार शाळेच्या काय कामाचं?"

सत्यवानने बिजागऱ्या कापल्या. मला वाटलं त्याला वाईट वाटेल, पण तो म्हणाला, "दार माझं हाय, कुटं बी लावीन." आणि ते ओट्याला तिरकं टेकवून आम्ही घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीकडून नुसता गोंगाट. सुट्टी लागलेली, शाळा बंद, मग हा कसला आवाज म्हणून गेले. बघते तर काय, आमच्या गल्लीची पोरं, मागच्या गल्लीची पोरं, ओट्यावर चढतायत आणि पिवळ्या दारावरून घसरतायत! सगळ्यांत पुढे आमची लिडिया, फ्रॉकचा मागचा भाग पार काळा. ग्राइंडर मारून गुळगुळीत केलं होतं ते कुणासाठी, ते त्या दिवशी कळलं.

मग सत्यवानला चेवच चढला. खाली पाय जोडले, मागे पायऱ्या, दोन्ही कडांना पाइप, कडी-कोयंडा कापून टाकला. दुपारी तो पत्रा इतका तापतो की भाकरी भाजून निघेल, म्हणून सगळी घसरगुंडी उचलून टाकीच्या सावलीत नेली. आता लिंबाच्या शाळेची पोरंसुद्धा संध्याकाळी रस्ता ओलांडून येतात, आणि त्यांच्या आया त्यांच्या मागे.

वर्गाला दार नाही. चौकट आहे, तिच्यातून वारा येतो. पावसाचं काय करायचं ते ठरलेलं नाही. शेळीचंही नाही.

तू लिंबाच्या शाळेत नाव घातलं असशील तर मी एक शब्द बोलणार नाही. फक्त पोरीला एकदा घसरगुंडीवर आण. तिला सांग की हे तेच दार आहे आणि आता त्याच्यावर बसायचं असतं.

मी ८ तारखेला श्रीरामपूरला जातेय, धाकट्या बहिणीचं बाळंतपण आहे. लिडिया इथेच सत्यवानच्या आईजवळ राहील. तुम्ही याल तेव्हा मी नसेन, याचं मला फार वाईट वाटतंय. आईच्या पत्त्यावर लिही.

तुझीच,
क्रिस्टीना


नागापूर
२९ जून २०२५

प्रिय क्रिस्टे,

मावशी झालीस, पेढे कुठे आहेत? भाऊजींनी काल सांगितलं, मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत ना? आता तिची शाळा तू आत्तापासून ठरवू नकोस म्हणजे झालं.

तुझं पत्र मी ओट्यावर बसून मोठ्याने वाचलं. होय, मोठ्याने! गुपित काही उरलंच नव्हतं. दाराची घसरगुंडी झाली हे ऐकून आत्याबाई इतक्या हसल्या की पदर तोंडात कोंबला. मग उठल्या, ट्रंकेतल्या जुन्या साड्या काढल्या आणि तीन दिवस दुहेरी शिवत बसल्या. मी विचारलं, काय करताय? तर म्हणाल्या, "शाळंला दार न्हाई म्हनं. मग पडदा नगं का? आपल्यात पडदा असतो." खालच्या कडेला त्यांनी खडे शिवलेत, वाऱ्याने उडू नये म्हणून. ज्या बाईला आमचं जाणं पटत नव्हतं, तिने टेम्पोत सगळ्यांत आधी तो पडदा ठेवला.

लिंबाच्या शाळेत मी तोंडी सांगून ठेवलं होतं. तिथल्या बाईंना जाऊन भेटले, खरं काय ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "न्या ना टाकीच्या शाळेत. आमची पोरं तशीही सगळी तिथंच असतात." चांगल्या आहेत गं त्या! तुझा निःपक्षपातीपणा मी त्यांना सांगितला नाही.

शाळेचा पहिला दिवस ऐक. सरांनी नव्या पोरांना बैलगाडीतून आणलं, शिंगांना फुगे बांधले होते. भाऊजींनी कामाला दांडी मारली होती. संस्कृती गाडीतून उतरली आणि थेट त्या वर्गापाशी जाऊन थबकली. चौकटीला हात लावला, वर पाहिलं, बिजागरीच्या खुणा बोटाने चाचपल्या. मग मला विचारलं, "भिंत कुटं गेली?" मी घसरगुंडी दाखवली. ती बराच वेळ बघत राहिली. लिडिया वरून ओरडली, "ये की वर!" ती चढली. वर बसली, पत्र्यावर थाप मारून पाहिली, तोच आवाज झाला. तिने माझ्याकडे बघितलं आणि सोडून दिलं स्वतःला! खाली आली ती हसतच, आणि परत चढली. घंटा झाली तरी उतरेना. शेवटी सरच एकदा घसरून खाली आले आणि म्हणाले, "चला, आता शाळा."

पडदा चौकटीला लावलाय. पाऊस आला की तो सोडतात, एरवी बाजूला. संस्कृती उंबऱ्याजवळच बसते, अर्धी आत, अर्धी बाहेर, आणि बाकीची पोरं त्या जागेसाठी तिच्याशी भांडतात. पटाचं मी सरांना विचारलं. रस्त्यापलीकडच्या दोन आयांनीही मुलांची नावं इथे घातलीत. सर गप्प बसले, पण हे गप्प बसणं रागाचं नव्हतं. दुसऱ्या बाई राहतायत. हे तुला मीच पहिल्यांदा सांगतेय ना? भाऊजींना मी दटावून ठेवलं होतं.

आता शेवटचं, आणि त्याच्यासाठीच हे पत्र घाईने लिहितेय. चांगुणाबाईंच्या खोलीला दार आहे. आम्ही ते उघडं ठेवून आत आमचा पडदा लावलाय. चांगुणाबाई रोज म्हणतात, "चोर यील हां." यांचं उत्तर ठरलेलं, "यिऊ द्या, काय तरी ठिवून जाईल." काल संध्याकाळी मी दळण घेऊन आले, तर दार लागलेलं! माझ्या हातातून डबा सुटला. आतून आवाज येत होता. संस्कृती आणि लिडिया शाळा-शाळा खेळत होत्या. संस्कृती बाई झाली होती, आणि दार तिने स्वतः ओढून घेतलं होतं, शेळी येऊ नये म्हणून.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्याच घराचं दार मी कधी वाजवलं नव्हतं. मग वाजवलं, हळूच.

आतून माझी पोरगी ओरडली, "कोन हाय? आत या! कडी न्हाई लावली."

लवकर ये गं. आणि आलीस की तूही दार वाजव, ती वाट बघतेय.

तुझी,
अश्विनी